उजव्या पायातला बूट

आमच्या दुकानात बुटाची परीक्षा हाताने होत नाही, पायाने होते. आणि पाय एकाच माणसाचे, अप्पांचे. अप्पा म्हणजे माझे वडील आणि दुकानाचे मालक. इंग्लंडहून येणारे पुरुषांचे उंची बूट विकायचे आणि झिजले की दुरुस्त करून द्यायचे, हा आमचा धंदा. एखादा नवा कारखाना आपला माल ठेवा म्हणून मागे लागला की अप्पा त्याचा एक जोड मागवतात. मग आम्ही आधीपासून विकतो त्या मालाचा डावा बूट एका पायात आणि नव्याचा उजवा दुसऱ्या पायात, असं घालून ते अर्धा हंगाम दुकानभर हिंडतात. नवख्या गिऱ्हाइकाला वाटतं, म्हातारा घाईघाईत घरातून निघालाय. उरलेल्या अर्ध्या हंगामात फेर होतो. म्हणजे डब्यात राहिलेले दोन बूट बाहेर येतात, जुन्याचा उजवा आणि नव्याचा डावा. फेर झाल्याशिवाय निकाल नाही, कारण कुठल्याही माणसाचे दोन पाय सारखे चालत नाहीत. हा नियम अप्पांनीच केला आणि आमच्या बोकांडी बसवला. नवा माल आधी उजव्या पायात, हाही त्यांचाच नियम. उजवा पाय जास्त राबतो, तेव्हा पाहुण्याला आल्या आल्या कामाला लावावं, असं त्यांचं म्हणणं.

दुकानाची पुढची खोली दादाची आणि मागची माझी. दादा माझा मोठा भाऊ. पुढे लाकडी जमीन, मधोमध गालिचा, उंच आरसा, चामड्याच्या खुर्च्या आणि भिंतभर फळ्यांवर बूट. मागे शिलाईचं मशीन, लाकडी साचे, डिंकाचा वास आणि मी. दादाला आवाज आहे, उंची आहे, आणि तो मुलगा आहे. यातलं तिसरं कारण आमच्याकडे कोणी बोलून दाखवत नाही. मी मागे बसते कारण माझा हात चांगला आहे, असं सगळे म्हणतात, आणि ते खरंही आहे. हात चांगला असलेल्या माणसाला लोक हातापुरतंच ठेवतात, एवढंच.

या वेळची परीक्षा साधी नव्हती. ज्या कारखान्याचा माल आम्ही वर्षानुवर्षं विकत आलो, त्याला आम्ही घरात 'थोरलं घर' म्हणतो. त्यांनी कळवलं की इथून पुढे आमचे बूट ठेवायचे तर दुसऱ्या कोणाचे ठेवायचे नाहीत. त्याच गावात, त्यांच्याच रस्त्यावर आणखी एक कारखाना आहे. तो वयाने लहान, म्हणून 'धाकटं घर'. त्यांचे बूट आम्ही विकत नव्हतो, पण परदेशात घेतलेले त्यांचे जोड दुरुस्तीला माझ्या बाकावर यायचे. मी ते उसवले होते, आतून पाहिले होते. आपण यांचा माल ठेवावा असं मी कितीदा तरी म्हटलं होतं. दादा दर वेळी म्हणायचा, "ठोकबाई, तू ठोक. विकायचं मी बघतो."

शेवटी एका संध्याकाळी जेवताना अप्पांनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "दोघं भांडून माझं डोकं उठवू नका. धाकट्याचा जोड मागवा. या परीक्षेत तुमच्यातल्या ज्याचा बूट टिकेल, त्याच्या घराचा माल ठेवायचा. आणि इथून पुढे खरेदीही त्यानेच बघायची. मला आता तो प्रवास नको."

खरेदी बघायची म्हणजे वर्षातून एकदा कारखान्यात जायचं. चामड्याच्या थप्प्या उलटून आपल्या हाताने कातडी निवडायची, पुढच्या हंगामात कुठला आकार, कुठला रंग, कुठला साचा, ते ठरवायचं. दुकान म्हणजे खरं तर तेवढंच. बाकी सगळं गल्ल्यावर बसणं. मला ते हवं होतं. मागच्या खोलीत बसून मी जितकी वर्षं हातोडी चालवली तितकी वर्षं मला ते हवं होतं, आणि दादाला ते सहज मिळणार हे दिसत असल्यामुळे जास्तच हवं होतं.

जोड आला तेव्हा आम्ही दोन्ही घरांचे बूट माझ्या बाकावर शेजारी शेजारी मांडले. दोन्ही काळे, दोन्ही बंद नाडीचे, म्हणजे नाडी ओढली की दोन्ही पट्ट्या मधोमध मिटणारे, टोकावर सरळ शिवणीची टोपी. लांबून पाहणाऱ्याला फरक कळू नये. थोरल्याची चकाकी अशी की टोकात खिडकी दिसत होती. कंबर, म्हणजे तळाचा मधला अरुंद भाग, बारीक घासलेली, टाचेच्या थरांचा सांधा शोधून सापडेना, आतलं अस्तर मऊ. बूट उचलला की हातातून खाली ठेवावासा वाटत नाही, हे मीही कबूल करते. धाकट्याचा त्यापुढे गरीब दिसत होता. चकाकी कमी, टोक जरा जाड, आतला शिक्का वाकडा.

"याला चेहराच नाही," दादा म्हणाला.

"बूट तोंडावर घालत नाहीत," मी म्हटलं.

मी धाकट्याचा बूट बोटांनी दाबून वाकवला. वाकला तिथे बारीक, दाट सुरकुत्या पडल्या आणि सोडल्याबरोबर गेल्या. म्हणजे कातडं वासराचं आणि पाठीकडचं होतं. मग थोरल्याचा वाकवला. सुरकुत्या जरा रुंद आल्या, आणि एक तशीच राहिली. कातडं चांगलंच, पण पोटाकडे सरकलेलं. त्यावर मेण इतकं चढवलेलं की चेहरा झाकून जावा. तळ पाहिले. दोघांचीही शिवण तळाला चीर पाडून आत दडवलेली, पण धाकट्याचे टाके जवळ जवळ, आणि तळाचं चामडं नखाने दाबलं तरी उमटेना. झाडाच्या सालीच्या पाण्यात महिनोन्महिने मुरवलेलं चामडं तसं लागतं.

"ताठ आहे," दादा म्हणाला.

"वापरल्यावर वाकेल."

"गिऱ्हाईक वापरण्याआधी विकत घेतं, ठोकबाई."

अप्पा पुढे झाले. खुर्चीत बसून त्यांनी डाव्या पायात थोरल्याचा चढवला, उजव्यात धाकट्याचा, नाड्या बांधल्या आणि उठताना बाकाच्या कडेला हात टेकला. परीक्षा सुरू झाली.

परीक्षेतले बूट आठवड्यातून एकदा माझ्या बाकावर यायचे, हा रिवाज. मी तळ बघायची, शिवण बघायची, पुसून परत द्यायची. या हंगामात अप्पा "उद्या देतो" म्हणू लागले. बूट ते स्वतः पुसायचे, स्वतःच्या खोलीत ठेवायचे. मी दोनतीनदा मागितले, मग कामात विसरले. पुढच्या खोलीत ते पूर्वीपेक्षा जास्त वेळ खुर्चीत बसलेले दिसायचे. गिऱ्हाइकाच्या पायापाशी गुडघ्यावर बसून माप घ्यायचं काम त्यांनी दादाकडे दिलं. दादा मला म्हणाला, "अप्पा आता आराम करायला लागलेत, बरं झालं." मीही बरं झालं म्हणाले. आम्ही दोघं एकाच गोष्टीवर खूश झाल्याचा तो दुर्मीळ प्रसंग.

अर्धा हंगाम संपला तेव्हा मात्र बूट द्यावेच लागले. अप्पांनी ते पिशवीतून आणून बाकावर ठेवले. दादा दुकान नोकराच्या भरवशावर टाकून मागे आला. मी आधी डावा उचलला, थोरल्याचा. टाच बाहेरच्या कडेला थोडी बसलेली, तळ मध्यभागी गोल झिजलेला, म्हणजे जसा झिजावा तसा. मग उजवा उचलला.

पुढचं टोक गेलं होतं. तळ टोकाशी तिरका घासून वेल्टपर्यंत आला होता. वेल्ट म्हणजे वरचं चामडं आणि तळ यांना धरून ठेवणारी पट्टी. ती एकदा घासली गेली की बुटाचं आयुष्य संपत आलं समजायचं. वरच्या चामड्याच्या टोकावरही चरे होते. अप्पांनी त्यावर काळं मेण भरलं होतं, पण चरे ते चरेच.

"झालं," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता, हे मला सांगायला हवं. तो धंद्याचं बोलत होता. "तळ ताठ. पाऊल टाकताना बूट वाकत नाही, म्हणून टोक जमिनीला घासतं. मी पहिल्या दिवशी म्हटलं होतं."

हे खोटं नव्हतं. ताठ तळाचं टोक सुरुवातीला घासतंच, बूटवाल्यांना ते माहीत असतं. पण ते आठवडाभर. पुढे तळ वाकायला लागतो आणि घासणं थांबतं. मी बूट हातात घेऊन वाकवला. तो छान वाकत होता.

"वाकतोय की," मी म्हटलं. "मग घासला कशाने? फेर करा. थोरल्याचा उजवा घाला, धाकट्याचा डावा. मग बोलू."

अप्पा खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "फेर नको. निकाल लागला."

"लागला कसा? फेराशिवाय निकाल नाही, तुम्हीच म्हणता."

"या वेळी नको. दिसतंय ते पुरे आहे. थोरल्याच्या एजंटला बोलवा." आणि ते पुढे निघून गेले.

दादासुद्धा बघत राहिला. नियम मोडणारे अप्पा आम्ही दोघांनीही कधी पाहिले नव्हते. पण त्याच्या बाजूचा निकाल होता, त्यामुळे तो मूग गिळून बसला. मला मात्र सगळं स्वच्छ कळल्यासारखं वाटलं. मुलगा तो मुलगा. माझा बूट जिंकायची वेळ आली असती तर फेर एकदा काय, चारदा झाला असता. त्या आठवड्यात मी अप्पांशी कामापुरतं बोलले, आणि जेवणाच्या टेबलावर तेवढंही नाही. त्यांनी एकदा विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, "माझी बरी आहे." ताट उचलून मी स्वयंपाकघरात गेले.

एजंट आला. सुगंधी, बोलका माणूस, सहीचे कागद फाइलमध्ये घेऊन. पुढच्या खोलीत दादाने त्याला चांगल्या खुर्चीत बसवलं, चहा मागवला. मागच्या खोलीत मला त्याचं हसणं ऐकू येत होतं. मी एका गिऱ्हाइकाच्या टाचेत खिळे ठोकत होते आणि दोन खिळे वाकडे गेले. माझे खिळे वाकडे जात नाहीत. मी हातोडी खाली ठेवली, फळीवरून परीक्षेचे दोन डबे काढले, त्यात उरलेले दोन कोरे बूट घेतले आणि एप्रनसकट पुढे गेले.

"अप्पा," मी म्हटलं, "सही नंतर. आधी फेर."

एजंटने माझ्याकडे आणि मग दादाकडे पाहिलं. दादा म्हणाला, "अगं, पाहुणे आहेत."

"पाहुण्यांनाही बघू दे. त्यांच्याच घराचा बूट उजव्या पायात जाणार आहे. त्यांना काय भीती?"

"आमची काहीच हरकत नाही," एजंट हसून म्हणाला. त्याची खरंच नव्हती. त्याला वाटलं, घरगुती गंमत चालली आहे.

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखायला हवी होती. मला ती हट्टी वाटली, म्हणून मीही हट्टाला पेटले. मी त्यांच्या खुर्चीपुढे गुडघ्यावर बसले आणि बूट ठेवले. परक्या माणसासमोर नाही म्हणणं त्यांना शक्य नव्हतं, हे मला चांगलं माहीत होतं. माहीत होतं म्हणून तर मी तो दिवस निवडला होता. त्यांनी पाय पुढे केले. नाड्या मीच बांधल्या.

"आरशापर्यंत आणि परत," मी म्हटलं.

ते उठले. कोऱ्या तळाचा लाकडी जमिनीवर स्पष्ट आवाज येतो. डाव्या पायाचा आला, टाच आणि मग तळ, एकामागून एक. उजव्याचा वेगळा आला. आधी टोक खरडलं, मग पूर्ण पाऊल एकदम आपटलं. पुन्हा डावा बरोबर. पुन्हा उजव्याचं खरडणं. मी जमिनीवरच बसलेली होते, त्यामुळे मला चेहरे दिसत नव्हते, फक्त बूट दिसत होते. आयुष्यभर मी तेच बघत आले होते. आरशापर्यंत ते पोचले, वळले, आणि परत येताना थोरल्या घराचा तो सुंदर, कोरा, उजवा बूट गालिच्याच्या कडेत अडकला. अप्पांनी काचेच्या कपाटाला हात लावून तोल सावरला. कपाटातले सगळे बूट हलले.

एजंट उठून उभा राहिला. "टोक जरा घासतंय वाटतं," तो म्हणाला. "काही काळजी नाही. पोलादी पत्री बसवून देऊ."

दादाने खाली वाकून अप्पांच्या उजव्या बुटाचं टोक पाहिलं. कोऱ्या तळावर ताजे, तिरके चरे उठले होते, धाकट्याला होते अगदी त्याच जागी. तो म्हणाला, "याचंही टोक..." त्याने बुटावरून नजर वर नेली, पायमोज्यावर, पोटरीवर. मीही नेली. विजारीच्या आतला पाय डाव्यापेक्षा बारीक होता. कापडावरूनही दिसत होतं. इतके दिवस दिसत असणार.

"निकाल बदलला," अप्पा म्हणाले. ते माझ्याशी बोलत होते. "बूट चांगला आहे तुझा. आता हे काढ, मला बसू दे."

मी नाडी सोडायला लागले आणि गाठ सुटेना. जिंकल्यावर माणसाला जे वाटायला हवं त्यातलं काहीच मला वाटलं नाही. मला लाज वाटली आणि भयंकर भीती वाटली. एजंट फाइल बंद करून म्हणाला की तो पुढच्या महिन्यात येईल. दादाने त्याला दारापर्यंत पोचवलं आणि दुकान बंद केलं. दुपारी, चालू दिवशी, दुकान बंद.

डॉक्टरने अप्पांना पलंगावर बसवून पाऊल वर उचलायला सांगितलं. डावं उचललं गेलं, उजवं जागेवरच राहिलं. कमरेतून पायाकडे जाणारी नस दबली होती आणि पावलाचा पुढचा भाग उचलणारे स्नायू मरत चालले होते. "हे कधीपासून आहे?" डॉक्टरने विचारलं. अप्पा म्हणाले, "हंगामाच्या आधीपासून." डॉक्टरने पेन खाली ठेवलं. लवकर आला असतात तर बरंच करता आलं असतं, आता आहे ते राखायचं, असं तो म्हणाला. काठी घ्यावी लागेल. जिना टाळा. कसले बूट वापरता, असंही त्याने विचारलं.

त्या संध्याकाळी मी अप्पांच्या खोलीत गेले. दादा बाहेर औषधं आणायला गेला होता. मी विचार करून गेले होते की भांडायचं नाही. आत गेल्यावर पहिलंच वाक्य भांडणाचं निघालं.

"फेर का नाही केलात?"

"केला असता तर कळलं असतं."

"आम्हाला?"

"मलाही," अप्पा म्हणाले. पाय उशीवर ठेवून ते बसले होते. "सुरुवातीला नुसत्या मुंग्या यायच्या. मग बूट घासायला लागला. दादा म्हणाला तळ ताठ आहे, तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, असेल. बूटच असेल. ते खरं असावं असं मला फार वाटत होतं गं."

"आणि नसलं तर?"

"बूटवाल्याचा पाय गेला म्हटल्यावर दुकानात कोण येतं? तुम्ही दोघांनी मला मागे बसवलं असतं."

मागची खोली म्हणजे शिक्षा, हे त्यांच्या तोंडून इतकं सहज आलं की मला हसू आलं आणि संतापही आला. मी म्हटलं, "म्हणजे तुमचा पाय झाकायला माझा बूट वाईट ठरवलात. मी वाईट ठरले. दादाला खरेदी देऊन टाकत होतात."

"हो," ते म्हणाले.

त्यांनी सारवासारव केली असती तर मला भांडता आलं असतं. मी उठून त्यांची उशी नीट केली, कारण ती घसरली होती, आणि तशीच उभी राहिले. राग गेला नाही. अजून सगळा गेलेला नाही. त्यांच्या पायाचं वाईट वाटतं तेव्हाही तो असतो, दोन्ही एकाच वेळी असतात, आणि मी आता त्यांना वेगळं करायच्या भानगडीत पडत नाही.

परीक्षा बाद झाली, असं मी धरून चालले होते. एकच पाय बरोबर चालणाऱ्या माणसाने दोन बूट कसे तोलायचे? थोरल्या घराचा एजंट पुन्हा यायच्या आत दादाच माझ्या बाकाशी आला. त्याने धाकट्या घराचा तो टोक गेलेला उजवा बूट मागितला. म्हणाला, "उसव."

"कशाला?"

"उसव म्हणतो ना."

मी तळ उसवला. दादा स्टूल ओढून शेजारी बसला, जसा तो एरवी कधी बसत नाही. आत बुचाचा थर जागच्या जागी होता. टोकाशी वेल्ट निम्मी खरडली गेली होती, तरी तिच्यातली शिवण धरून होती. एकही टाका सुटला नव्हता. वरचं चामडं चरे पडूनही कुठे फाटलं नव्हतं. त्याने बोट आत घालून सगळीकडून फिरवलं.

"अर्धा हंगाम हा फरफटला," दादा म्हणाला. "रोज. आणि टाका हलला नाही. आमचा असता तर तोंड वासून बसला असता." तो 'आमचा' म्हणाला, थोरल्याला. मग त्याने बूट बाकावर ठेवला आणि खिशातून रुमाल काढून हात पुसले. "खरेदी तू कर. पण चकाकीचं बघ जरा. मला विकायचं असतं."

"बघते."

"आणि तो शिक्का. सरळ मारायला सांग त्यांना, लाज वाटते."

मी हो म्हटलं. तो पुढे गेल्यावर मी त्या उसवलेल्या बुटाचे भाग गोळा केले. दादाबद्दल मी आयुष्यभर जे बोलत आले त्यातलं थोडं परत घ्यावं लागणार होतं आणि ते मला जड जात होतं.

धाकट्या घराकडून एक बाई आली. उंच, कमी बोलणारी, हातात नमुन्याच्या कातड्यांची गुंडाळी. पुढच्या खोलीत, चांगल्या खुर्चीत, या वेळी मी बसले होते, एप्रन काढून. दादा गल्ल्यावर होता. अप्पा आरशाजवळच्या खुर्चीत होते, काठी खुर्चीच्या मागे लपवून ठेवलेली. ती तशी लपत नव्हती. दुकानात येणाऱ्यांना त्यांनी अजून पायाचं सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंच तर गुडघा दुखतो म्हणायचे. आम्हालाही तेच सांगायला लावलं होतं, आणि आम्ही ते सांगत होतो.

मी कातडी निवडली. साचे ठरवले. कुठल्या मापाचे किती, ते बाई लिहून घेत गेली. शिक्क्याचं सांगितलं, ती जरा लाजली. चकाकीचं सांगितलं. एवढं सगळं बोलताना माझा आवाज एकदाही अडखळला नाही, याचं मलाच नवल वाटत होतं. मी एकदाही अप्पांकडे पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर अडखळला असता.

"झालं?" बाईने विचारलं.

"झालं," मी म्हटलं.

"अजून एक," अप्पा मागून म्हणाले. "माझ्यासाठी. काळाच, माझ्या मापाचा एक जोड. आणि उजवा एक जादा."

बाईचं पेन थांबलं. ती बूटवाली होती, तिला जे सुचायचं तेच सुचलं. "उजवा जादा? आधीच्या उजव्यात काही दोष निघाला का? तसं असेल तर आम्ही साचा तपासून घेतो."

दादाने गल्ल्यावरून मान वर केली. दारात एक गिऱ्हाईक उभं होतं, जुनं, अप्पांच्या ओळखीचं, तेही ऐकत होतं. काहीतरी बोलून वेळ मारून न्यावी म्हणून मी तोंड उघडलं. 'साचा जरा तपासा' एवढं मी म्हणाले असते तरी चाललं असतं. अप्पांची झाकली मूठ तशीच राहिली असती आणि एका साच्याचं काय बिघडलं असतं.

"बुटात काही दोष नाही," अप्पा म्हणाले, दारातल्या माणसालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. त्यांनी खुर्चीमागून काठी काढली आणि पुढे, दोन पायांच्या मध्ये, उभी धरली. "माझा उजवा पाय गेलाय. मी तो फरफटवतो. माझ्या मुलीने आणलेला बूट होता म्हणून इतके दिवस टिकला. लिहा, उजवा एक जादा."

बाईने लिहून घेतलं.